आळस की आजार?

इंदूरच्या राजेंद्र नगरातून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर वसईकडील एका खेड्यात असून लग्नानंतर त्या तिकडे गेल्या. पत्रात कोणाविषयी तक्रार नाही, गाऱ्हाणे आहे ते स्वतःविषयीच. त्या लिहितात की, सकाळी डोळा उघडतो तोच अंग मोडून आल्यासारखे वाटते. एक जिना चढताच धाप लागते. संध्याकाळची जपमाळ पुरी होण्याआधीच मान खाली पडते आणि रविवारी मिस्सेत प्रवचन चालू असता डोळा लागतो. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी दहा माणसांचे होत होते, आताच्या सुनांना चौघांचे होत नाही." वर्षभर त्या भगिनी पापनिवेदनाच्या वेळी 'आळस' हे पाप सांगत आल्या आहेत आणि दर महिन्यास तेच पाप पुन्हा उभे राहते. पत्राच्या शेवटी त्यांनी विनंती केली आहे की, आळस जावा म्हणून एखादी प्रार्थना सुचवावी.

प्रार्थना आम्ही अवश्य सुचवू. परंतु त्यापूर्वी या भगिनीस आमचा एक साधा प्रश्न आहे. आपण आपले रक्त शेवटचे केव्हा तपासून घेतले?

आळस हे सात प्रमुख पापांपैकी एक आहे, यात शंका नाही. पण आळस म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. चांगले काम समोर असता, अंगात शक्ती असता, ते नकोसे वाटणे आणि टाळणे म्हणजे आळस. ज्या स्त्रीचे मन कामाकडे धावते पण हातपाय चालत नाहीत, जी जपमाळ अर्धी राहिली म्हणून रडते, ती आळशी नव्हे. ती बहुधा आजारी आहे. पापावर औषध पश्चात्तापाचे, आजारावर औषध वैद्याचे. एकाचे औषध दुसऱ्यास दिल्याने दोन्हीकडे नुकसान होते.

आपल्या देशात सततच्या थकव्याचे एक मोठे कारण म्हणजे रक्तक्षय, ज्यास आजकाल सर्वत्र ॲनिमिया म्हणतात. रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य श्वासातील प्राणवायू अंगभर पोहोचविते. ते कमी पडले की स्नायू, हृदय आणि मेंदू यांस प्राणवायू पुरेसा मिळत नाही. मग धाप लागते, छाती धडधडते, डोके जड होते, आणि माणूस रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलाच उठतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आणि मध्य प्रदेशात ५४.७ टक्के होते. म्हणजे माहेर घ्या की सासर घ्या, निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच अवस्था. त्याच पाहणीत पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के निघाले.

या आजाराच्या शोधात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. कापडगिरण्यांतून राबणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि त्यांतील काही दगावत, याचे कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. हाफकिन संस्थेत त्यांनी संशोधन केले, तसेच त्या स्त्रिया काय खातात हेही बारकाईने पाहिले. ज्यांच्या ताटात भाजीपाला आणि फळे जवळजवळ नव्हती, त्यांनाच हा आजार अधिक होता. यीस्टपासून केलेला मारमाईट नावाचा स्वस्त अर्क देताच त्या स्त्रिया सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे पुढे उमगले. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक ॲसिड असे नाव मिळाले. आज गरोदर मातांस लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिच्यात हेच द्रव्य असते.

या हकीकतीतून घ्यावयाचा बोध असा की, लूसी विल्स यांनी त्या स्त्रियांस आळशी ठरविले नाही. त्यांनी त्यांचे रक्त पाहिले आणि त्यांचे ताट पाहिले. आपल्या घरातही हेच झाले पाहिजे.

घरातल्या ताटांकडे आता आपणही पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सांगितलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषास दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह हवे, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम. मासिक पाळीत स्त्रीचे रक्त जाते, म्हणून तिची गरज दीडपट. आणि आपली रीत काय? आधी पुरुष जेवतात, मग मुले, मग पाहुणेरावळे. मासळीचे तुकडे संपतात, कालवण उरते, आणि तेवढ्यावर घरची माउली भात कालवते. ज्या देहास सर्वांत अधिक लोह हवे, त्यास सर्वांत कमी मिळते. याला कोणी त्याग म्हणते. आमच्या मते हा घराचा निष्काळजीपणा आहे.

तथापि प्रत्येक थकवा रक्तक्षयाचाच असतो असे नाही. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली तर थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही. मधुमेहात थकव्याबरोबर तहान आणि लघवी वाढते. क्षयरोगात संध्याकाळचा बारीक ताप, खोकला आणि घटते वजन दिसते. ब १२ हे जीवनसत्त्व कमी पडले तर थकव्याबरोबर हातापायांस मुंग्या येतात. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांच्या त्वचेतून आकडेकृमी शिरतात आणि आतड्यात बसून रक्त शोषतात. मोठ्याने घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत वारंवार अडत असेल, तर आठ तास झोपूनही त्याची झोप होत नाही. रात्री दारू घेणाऱ्यास झोप चटकन लागते खरी, पण ती मोडकी असते. आणि मन खचले असता, कशातच गोडी वाटेनाशी झाली असता, देहही उचलत नाही. हाही आजारच आहे आणि त्यासही औषध आहे.

म्हणून थकवा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर डॉक्टरांकडे जावे. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड या तपासण्यांपासून बहुधा प्रारंभ होतो. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन विनामूल्य तपासतात. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, पाळीत अतिशय रक्त जाणे, औषध चालू नसता शौचास काळे होणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, किंवा जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. पुरुषास किंवा वयस्कर स्त्रीस रक्तक्षय निघाला, तर पोटात कोठे रक्तस्राव होत नाही ना, हे अवश्य पाहून घ्यावे.

येथे एक सावधगिरीची सूचना. झाबुआ, आलिराजपूर, बडवानी या भागांतील, तसेच नंदुरबार व विदर्भातील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी मध्य प्रदेशातील शहडोल येथून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या आजारात केवळ लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, कधी त्या अनावश्यकही ठरतात. म्हणून तपासणीवाचून औषध नको. आईवडील दोघांकडून आलेला दोष एकत्र आला की मुलास हा आजार होतो. यासाठी त्या भागांतील तरुण-तरुणींनी विवाहापूर्वीच रक्त तपासून घ्यावे.

आता शक्ती परत मिळविण्याचा मार्ग. इंदूरचेच उदाहरण घेऊ. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी तेथील वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्ट खताची जी पद्धत बसविली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. तिचे तत्त्व शेतकऱ्यास नवीन नाही. जमिनीतून जे काढले ते पालापाचोळा आणि शेण यांच्या रूपाने तिला परत द्यावे, नाहीतर जमीन थकते. थकलेल्या जमिनीस आपण आळशी म्हणत नाही, तिला खत घालतो. देहाचा न्याय वेगळा नाही.

आहारात चवळी, माठ, मेथी, शेपू यांसारख्या पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये आणि अळीव असावेत. मासे, सुकट, मांस यांतील लोह अंगी अधिक लागते. पालेभाजीवर लिंबू पिळावे किंवा ताटात आवळा ठेवावा, म्हणजे भाजीतील लोह चांगले शोषले जाते. चहाने मात्र उलटे होते. इंदूरकर पोह्यांवर लिंबू पिळतात हे उत्तम, पण लगेच वर चहा घेतला तर केलेले फुकट जाते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर राखावे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहा-दुधाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. शौचास काळसर होते, त्यास भिऊ नये. बरे वाटताच गोळ्या सोडण्याची चूक पुष्कळजणी करतात. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही देहातील साठा भरण्यास सुमारे तीन महिने लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर त्या चालू ठेवाव्यात. उपवासकाळाविषयीही कोणी मनात किंतु ठेवू नये. आजाऱ्यांवर व गरोदर मातांवर ख्रिस्तसभा उपवासाची सक्ती करीत नाही.

प्रौढ माणसास रात्री किमान सात तास झोप हवी. निजताना मोबाईल दूर ठेवावा. तपासणीत काही दोष न निघाल्यास रोज थोडे चालावे आणि ते हळूहळू वाढवावे. केवळ पडून राहिल्याने शक्ती येत नाही.

घरच्या मंडळींसही आमचे सांगणे आहे. पतिराजांनी पत्नीस दवाखान्यात पाठवू नये, स्वतः बरोबर जावे. सर्वांनी एकत्र जेवावे आणि वाढणे एकदाच व्हावे. पाणी भरणे, भांडी, मुलांचा अभ्यास यांत प्रत्येकाने वाटा उचलावा. रविवार हा प्रभूचा दिवस सर्वांच्या विसाव्याचा आहे. त्या दिवशी घरची माउली एकटीच दुप्पट राबत असेल, तर त्या घराने आज्ञा अर्धीच पाळली. सासूबाईंना आम्ही आदराने विचारतो की, आपल्या वेळी दहा माणसांचे झाले खरे, पण तेव्हा आपणही थकत होता आणि आपल्याला कोणी विचारले नाही, असे तर नव्हते ना? तसे असेल तर आपणही सुनेबरोबर जाऊन रक्त तपासून घ्यावे.

शेवटी, या भगिनीने मागितलेल्या प्रार्थनेविषयी. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय त्यांनी शांतपणे वाचावा. एलिया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागून झोपी गेला. देवाने त्याला त्या वेळी बोल लावला नाही. देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि पुन्हा उठवून जेवू घातले. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस होरेब पर्वतापर्यंत चालत गेला. त्याची देवाशी भेट त्यानंतरची.

तेव्हा भगिनी, पुढील पापनिवेदनात 'आळस' सांगण्याआधी आपली हकीकत डॉक्टरांस सांगा. जपमाळ एकाच रहस्याची झाली तरी मरियामाता ती आनंदाने स्वीकारील. आणि तपासणीत काय निघाले, ते आम्हांस अवश्य कळवा.