प्रदर्शनाला जाताय? मग प्रश्न घरूनच घेऊन जा



सोयाबीनची रास झाली, हरभरा वर आला, की गावच्या पारावर एक विषय हमखास निघतो : "यंदा प्रदर्शनाला कोण कोण येतंय?" दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेमागेपर्यंत आपल्याकडे कृषी प्रदर्शनांचा हंगामच असतो. नागपूरचे ॲग्रोव्हिजन, पुण्याजवळ मोशीला भरणारे किसान आणि बारामतीचे कृषिक ही त्यातली मोठी नावे. गावातून दोन-तीन गाड्या भरतात, भाकरी बांधून मंडळी पहाटेच निघतात. रात्री परतताना प्रत्येकाच्या हातात रंगीत कागदांनी भरलेली पिशवी असते. ती आठ दिवस खुंटीला लटकते आणि मग चुलीत जाते.

विस्ताराच्या कामात मी अनेकदा शेतकऱ्यांबरोबर अशा प्रदर्शनांना गेलो आहे. त्यावरून एक गोष्ट सांगतो. सहल फुकट गेली की सार्थकी लागली, हे मंडपात ठरत नाही. गाव सोडण्याआधीच ठरते. आणि पूर्वीपेक्षा आज या तयारीची गरज जास्त आहे, कारण मंडपातला मालच बदलला आहे.

पूर्वी तिथे लोखंड विकायला असे. नांगर, पेरणीयंत्र, फवारणी पंप. घेतले ते आपले झाले. मोडले तर तालुक्याचा वेल्डर जोडून द्यायचा. आता लोखंडाच्या शेजारी ड्रोन, मातीतला ओलावा सांगणारे सेन्सर, हवामान केंद्र आणि मोबाइलवर सल्ला देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मांडलेली असते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात उसात या तंत्राचे प्रयोग झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्यांचा जाहीर उल्लेख केला. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. म्हणजे ही हवा नुसती बोलाची नाही. पण यातल्या बऱ्याच गोष्टी एकदा घेऊन भागत नाहीत. त्यांना सिमकार्ड लागते, वर्षाची फी लागते आणि विकणारी कंपनी टिकावी लागते.

माझ्याच भागातले उदाहरण घ्या. एका डाळिंबवाल्याने प्रदर्शनात सेन्सरचा डबा नोंदवला. पहिले वर्ष छान गेले, पाणी कधी सोडायचे ते मोबाइलवर कळायचे. दुसऱ्या वर्षी फी भरायला फोन लावला तर नंबरच बंद. आज त्या खांबावर कावळा बसतो. डबा खोटा नव्हता, तंत्रही खोटे नव्हते. "दुसऱ्या वर्षी काय?" हा प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि तो मी बरोबर असूनही राहिला, हेही कबूल करतो.

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असे समजू नका. अमेरिकेत लास व्हेगासच्या मोठ्या तंत्रज्ञान मेळाव्यात जानेवारी २०२२ मध्ये जॉन डिअर कंपनीने चालकाविना चालणारा ट्रॅक्टर दाखवला, तेव्हा जगभर वाहवा झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीवर तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने खटला भरला. आक्षेप असा, की दुरुस्तीचे पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत विक्रेत्याकडे ठेवल्याने शेतकऱ्याला त्याच्याच दारात जावे लागते. शेकडो एकरांच्या धन्याला जो प्रश्न पडला, तो आपण अडीच एकरवाल्यांनी आधीच विचारलेला बरा.

मग तयारी काय करायची?

पहिली गोष्ट, आपले रान कागदावर मांडा. साधी वही पुरे. जमीन काळी की मुरमाड, सोयाबीनच्या दोन ओळींतले अंतर किती, ट्रॅक्टर असेल तर किती अश्वशक्तीचा, मोटर किती एचपीची, पाणी किती खोलीवरून येते, वीज दिवसा किती वेळ मिळते, हे सगळे लिहा. माती आणि पाणी तपासणीचा अहवाल असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रोगट पाने खिशात नेऊ नका, ती सुकून जातात. सकाळच्या उजेडात स्वच्छ फोटो काढा. मंडपात पॉवर वीडर भुसभुशीत मातीवर लोण्यासारखा चालतो. आपल्या काळ्या रानात, वापशावर, अठरा इंची ओळीत तो बसतो का, हे वहीत अंतर लिहिलेले असले तरच विचारता येते.

दुसरी गोष्ट, सगळे बघायला जाऊ नका. शेकडो दालने आहेत, दिवस एकच. आपल्या शेतातली या वर्षीची सगळ्यात मोठी अडचण कोणती, मजूर, पाणी की कीड, ते ठरवा आणि तेवढ्याच दालनांत वेळ घाला. गटाने जात असाल तर विषय वाटून घ्या. एकाने अवजारे, एकाने ठिबक, एकाने बियाणे. महिलांचा बचत गट ड्रोनचा विचार करत असेल तर त्यांच्यातल्या दोघींना बरोबर न्याच. नमो ड्रोन दीदी योजनेत निवड झालेल्या गटाला किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत आहे. पण बॅटरी किती वेळा भरता येते, नवी केवढ्याला पडते, चालवण्याचे प्रशिक्षण आणि परवाना कुठे मिळतो, हे ज्यांना ड्रोन उडवायचा आहे त्यांनीच विचारलेले बरे.

तिसरी गोष्ट, पैसा. प्रदर्शनात "आजच्या आज नोंदवा, उद्या हा भाव नाही" असे हमखास ऐकू येते. ऐका आणि पुढे चला. महाडीबीटीवरच्या यांत्रिकीकरण योजनेत पूर्वसंमतीपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या यंत्रालाच अनुदान मिळते. आधी यंत्र दारात आणले आणि मग अर्ज केला तर ते हातचे गेले. अशी फाइल घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणताना आमच्याही जिवावर येते. म्हणून मंडपात पैसे नव्हे, कोटेशन घ्या. त्यावर मॉडेल क्रमांक, तपासणी अहवालाचा उल्लेख आणि कराचा आकडा हवा. ट्रॅक्टर, पेरणी-कापणीची यंत्रे आणि ठिबक-तुषार संचांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना दर लावलेला दिसला तर तिथेच बोट ठेवा.

चौथी गोष्ट, प्रत्येक दालनात पाच प्रश्न. आमच्या तालुक्यात दुरुस्ती कोण करतो? दुसऱ्या वर्षापासून खर्च किती? मोबाइलला रेंज नसली तर चालते का? सल्ला मराठीत येतो का? आणि आमच्यासारख्या जमिनीवर वापरणाऱ्या दोन शेतकऱ्यांचे फोन नंबर द्याल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. नंबर देणारा विक्रेता उभा राहतो, न देणारा विषय बदलतो. मंडपातली दहा मिनिटांची बडबड आणि वापरणाऱ्याशी दोन मिनिटांचे बोलणे, यात मी दुसरे पसंत करीन.

पाचवी गोष्ट, आपली माहिती जपा. टोपी किंवा पिशवी देतो म्हणून कुणी आधार क्रमांक, सातबारा किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला तर देऊ नका. आपल्या आजोबांनी न वाचता सावकाराच्या वहीवर अंगठे उठवले आणि त्याची किंमत मोजली. आजचा ओटीपी म्हणजे तोच अंगठा आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनाही एक विनंती. आत्मा योजनेतून शेतकऱ्यांचे अभ्यास दौरे निघतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेळेत मागणी द्या. यादी करताना दरवर्षी तीच पुढची नावे नकोत. कोरडवाहूवाला, तरुण पोरगा आणि स्वतः शेती कसणारी बाई, हे तिघे तरी असावेत. आणि जो जाईल त्याने परत आल्यावर ग्रामसभेत दहा मिनिटे बोलायचे, ही अट घाला. एकाने पाहिलेले शंभर जणांना कळले तरच गाडीभाडे वसूल झाले.

परत आल्यावरही घाई नको. आणलेल्या कागदांतून एकच गोष्ट निवडा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा आम्हाला विचारा, दिलेल्या नंबरावर फोन लावा. मग दहा गुंठ्यांत करून बघा आणि शेजारच्या दहा गुंठ्यांत नेहमीची पद्धत ठेवा. सुगीला दोन्ही राशी वेगवेगळ्या मोजा. तराजू जे सांगेल ते कुठलाच विक्रेता सांगणार नाही.

तंत्रज्ञानाला घाबरायचे कारण नाही. ठिबक आले तेव्हाही "नळ्या उंदीर खातील" म्हणून लोक हसले होते, आज त्याच नळ्यांवर बागा उभ्या आहेत. पण ज्यांनी आधी पाणी मोजले आणि मग नळ्या घेतल्या, त्यांचेच पैसे फिटले. तेव्हा यंदा जरूर जा, डोळे भरून बघा. जाताना वही भरलेली असू द्या. येताना पिशवी रिकामी असली तरी चालेल.