विचारू नकोस म्हणणारी माणसं

शोकांतिका वाचताना मजा आली असं म्हटलं की लोक विचित्र नजरेनं बघतात. बापाला मारलंय, आईशी लग्न झालंय, शेवटी स्वतःचेच डोळे फोडून घेतलेत, आणि ही बया म्हणते मजा आली! पण आली, त्याला काय करू? सोफोक्लीसचं ‘ईडिपस’ आम्हाला टीवायला आहे. (पुलंनी ते ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणलंय, तेही शेजारी उघडं होतं.) रात्री दोनला संपवूनच उठले.

गोष्ट आधीच माहीत होती. सुमारे २४०० वर्षांपूर्वी अथेन्सच्या प्रेक्षकांनाही ती माहीत होतीच. तरी पानं भराभर उलटत जातात, कारण या नाटकात चांगली बातमी आली की पोटात गोळा येतो. जोकास्टा नवऱ्याला धीर देते: भविष्यबिविष्य काही खरं नसतं, लायस राजाला तर तीन रस्ते मिळतात तिथं लुटारूंनी मारलं. झालं! ‘तीन रस्ते’ ऐकूनच ईडिपस हादरतो. मग कॉरिंथहून दूत येतो. तुमचे वडील वारले, आता तुम्ही तिथले राजे. आणि आईबद्दलची भीती सोडा, ती तुमची सख्खी आई नव्हेच! धीर द्यायला येणारा प्रत्येक जण फास आवळून जातो. ॲरिस्टॉटलनंही ‘पोएटिक्स’मध्ये या दूताचाच दाखला दिलाय.

गाईडमध्ये मात्र एका ओळीचं उत्तर: नियतीपुढे माणूस हतबल. मला नाही पटत. खून, लग्न, सगळं पडदा उघडायच्या आधीच होऊन गेलंय. आपल्यासमोर जे घडतं ते ईडिपसच्या विचारण्यामुळे. थीब्जमध्ये साथ आहे, माणसं मरताहेत आणि खुनी शोधायचा शब्द त्यानं दिलाय. टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. जोकास्टा विनवते, आता पुरे. म्हातारा मेंढपाळ गयावया करतो. तिघांनाही कळलेलं असतं, आणि तिघंही म्हणतात, विचारू नकोस. तो विचारतोच. तापट आहे, आंधळ्या टायरेसियसवर भलते आरोप करतो, सगळं मान्य. पण थांबत नाही. तिथंच तो मला प्रचंड आवडतो. परीक्षेत हेच लिहिणार आहे, मार्क गेले तर गेले :)

आमच्याकडे सध्या आजोबांचे रिपोर्ट आईच्या कपाटात आहेत, आणि आजोबांना ‘अल्सर आहे’ एवढंच सांगितलंय. सगळ्यांचा जीव आहे त्यांच्यावर, म्हणूनच. जोकास्टाचाही होताच की. (मावशी, तू हे वाचणार, माहितेय मला. रागावू नकोस, फोन कर.)

गेल्या आठवड्यात आजोबांनी मला दोनदा विचारलं, “काय गं, डॉक्टर नक्की काय म्हणाले?” दोन्ही वेळा आईनं मधेच चहा आणला.

आता विचारलं तर मी सांगणार आहे.