धडधडीला ‘पित्त’ म्हणू नका!

मैत्रिणींनो, जिना चढल्यावर छाती धडधडणं वेगळं आणि स्वस्थ बसून भाजी निवडताना ठोके बेताल होणं वेगळं. इथे जेऊरला आमच्या शेजारच्या काकू “पित्त झालंय गं” म्हणून लिंबाचं सरबत घ्यायच्या. एकदा भोवळ येऊन पडल्या, तेव्हा कुठे ईसीजी निघाला! आता औषधांनी बऱ्या आहेत.

बसल्या जागी नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. घड्याळ समोर ठेवून मोजून पाहा. एखादा ठोका चुकला तर बहुधा घाबरायचं कारण नसतं. पण सोबत भोवळ, धाप किंवा छातीत दुखणं असेल, अथवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

आपल्या रीमा लागू १८ मे २०१७ च्या पहाटे हृदय बंद पडून गेल्या. वय अवघं ५८. हृदय असं अचानक बंद पडतं तेव्हा पुष्कळदा ते नुसतं थरथरत असतं, रक्त पुढे ढकलत नाही. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वासही नीट नाही, अशा वेळी कांदा हुंगवत बसू नका. एकीने १०८ ला फोन करावा. दुसरीने छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, जोराने दाबावं. मदत येईपर्यंत थांबू नये.

सोलापूर लांब आहे हो. तोवर आपले हातच कामाचे. घरातल्या मुलांनाही हे शिकवून ठेवा!