खिडकीच्या आतले काम

अकरावीच्या प्रवेशाची ऑनलाइन पद्धत 2025 साली प्रथमच सर्व राज्याला लागू झाली, आणि पहिल्याच दिवशी, 21 मे रोजी, प्रवेशाचे संकेतस्थळ कोलमडले. नोंदणी 26 मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. तोवर ही पद्धत मुंबई महानगर क्षेत्र आणि पुणे, नाशिक, अमरावती, नागपूर या शहरांपुरती होती. बांद्याचा किंवा दोडामार्गचा विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाई, लिपिक कागद तपासून घेई आणि काम उरकत असे. जिथे जागांपेक्षा विद्यार्थ्यांचीच वाण अधिक, तिथल्या मुलांनाही जागावाटपाच्या या यंत्रणेपुढे मुंबईकरांच्या बरोबरीने ताटकळावे लागले.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता आपल्या बोलण्यात इतके रुळले आहे की त्यातला परकेपणा कोणास जाणवत नाही. पूर्वी कचेरीत ‘साहेब फिरतीवर आहेत’ असे उत्तर मिळे, त्याची जागा या वाक्याने घेतली आहे. फरक एवढाच की साहेब कोण हे ठाऊक असे आणि त्यांच्याकडे गाऱ्हाणे नेता येई. सर्व्हर कोठे आहे, त्याच्या आत कोणी काय लिहून ठेवले आहे आणि ते चुकले असल्यास दुरुस्त कोण करणार, हे रास्त भावाच्या धान्य दुकानदारास, मुख्याध्यापकास किंवा ग्राम महसूल अधिकारी झालेल्या तलाठ्यासही सांगता येत नाही. हे आत लिहून ठेवलेले काय असते आणि ते लिहिण्यास आपल्या मुलांना आपण कसे शिकवतो, याचा विचार कोकणातील शिक्षकवर्गाने आजवर पुरेसा केलेला नाही.

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसते ती केवळ खिडकी. तिच्यातून अर्ज आत जातो. आत, म्हणजे सर्व्हरवर, एक आज्ञावली तो अर्ज वाचते, अर्जदार कोण याची खात्री करून घेते, माहितीच्या कोठारातील नोंदवही उघडते, नियम लावते, नोंद करते आणि उत्तर खिडकीतून बाहेर देते. गणेशचतुर्थीच्या रेल्वे आरक्षणाचे उदाहरण घेऊ. साठ दिवस आधी सकाळी आठाच्या ठोक्याला मुंबईतील हजारो चाकरमान्यांची बोटे एकाच वेळी पडद्यावर पडतात. सावंतवाडी रोडपर्यंतची एकच जागा उरली असता दोघांच्या मागण्या एका क्षणी पोहोचल्या, दोघांसाठीही आज्ञावलीने वही पाहिली आणि दोन्ही वेळा ‘एक जागा शिल्लक’ असे दिसले, तर तेच आसन दोघांना विकले जाईल. म्हणून पहिल्याची नोंद पुरी होईपर्यंत दुसऱ्यास त्या ओळीला हात लावू द्यायचा नाही, आणि पैसे भरताना मध्येच संपर्क तुटला तर अर्धवट नोंद पुसून वही पूर्ववत करायची, अशी तजवीज आधीच लिहून ठेवावी लागते. जुन्या कारकुनाला हे वेगळे शिकवावे लागत नसे. खतावणी त्याच्या हातात असे, आणि ती एकाच वेळी दोघांच्या हातांत असू शकत नसे.

दुसरा धडा अविश्वासाचा. खिडकीतून आलेला एकही शब्द पारखल्यावाचून आत घ्यायचा नाही. आपल्या भागात आणि शेजारच्या गोव्यात डिसोझा, डिमेलो ही आडनावे सर्रास आढळतात. ती रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरापुढे वर एक स्वल्पचिन्ह येते. माहितीच्या कोठाराला द्यावयाच्या आज्ञेत हेच चिन्ह शब्दाचा आरंभ व शेवट दाखवण्यासाठी वापरतात. नवशिक्याने अर्जदाराचे नाव जसेच्या तसे आज्ञेत चिकटवले, तर डिसोझांचा अर्ज आला की सारी आज्ञाच मोडते. आणि ज्या फटीतून डिसोझांचे निष्पाप नाव गोंधळ माजवते, त्याच फटीतून लबाड माणूस स्वतःची आज्ञा आत सरकवून वही पुसू किंवा पळवू शकतो. संगणकशास्त्राच्या पुस्तकात हे प्रकरण सापडते. परंतु बांद्याच्या वर्गात ते हजेरीपटावरूनच शिकवता येईल.

सातबाऱ्याचेही तसेच. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून ऑनलाइन मिळू लागला आणि 15 रुपयांत घरबसल्या उतारा हाती येऊ लागला. ही सोय मोठी आहे; तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र कोकणातील एका हिश्श्याच्या उताऱ्यावर किती नावे असतात हे इथल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आजोबांचे भाऊ, त्यांच्या मुली, मुंबईला गेलेले चुलते, आणि ज्यांच्या वारसांची नोंद कधी झालीच नाही असे मृत, सारे एका सामाईकात नांदत असतात. एका जमिनीस एक मालक असे गृहीत धरून एखाद्या विद्यार्थ्याने माहितीचा तक्ता आखला, तर सावंतवाडी तालुक्यात तो पहिल्याच उताऱ्याला मोडेल. आज्ञावलीची भाषा सहा महिन्यांत येते. सामाईक म्हणजे काय, हे ज्याच्या घरात भांडण आहे त्यालाच बरोबर कळते.

हे घरचे ज्ञान यंत्रणा उभारताना वगळले तर काय होते, याचा अनुभव सिंधुदुर्गातील महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत त्या मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये घेतला. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐन परीक्षांच्या तोंडावर अमलात आला. निकालासाठी कुलपतींनी घालून दिलेली 31 जुलैची मुदत टळली, पुढील प्रवेश खोळंबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. चर्चा झाली ती कंत्राटाची व व्यक्तींची. उत्तरपत्रिका हाताळणारे लिपिक आणि त्या तपासणारे प्राध्यापक यांना आराखड्याच्या वेळी कोणी काय विचारले होते, ही चर्चा त्या मानाने अगदीच क्षीण राहिली.

आता शिक्षणाकडे वळू. 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या तरुणांना संगणकासमोर बसवले, हे त्याचे श्रेय. परंतु त्याने शिकवले ते खिडकीबाहेर नीट उभे राहण्यास. खिडकीच्या आतले काम पदवीच्या वर्गांसाठी राहिले. तेथे पीएचपी आहे, एएसपी डॉट नेट आहे, माहितीच्या कोठाराचा स्वतंत्र विषय आहे. पाठ्यक्रमात उणीव शोधावी लागेल. उणीव आहे ती रीतीत. आज्ञावली जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायची, व्याख्या पाठ करायच्या, आणि शेवटच्या वर्षी ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ या नावाचा, कोणत्याही ग्रंथालयात कधीही न चाललेला प्रकल्प बांधून सादर करायचा, असा प्रघात अनेक ठिकाणी पडला आहे. तो प्रकल्प विकतही मिळतो, हे वाचकांस सांगण्याची गरज नसावी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एक विसंगती दिसते. या व्यवसायात भांडवलाची टंचाई जवळजवळ नाही. रास्मुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी रचलेली आणि 1995 मध्ये सर्वांना खुली केलेली पीएचपी आजही फुकट आहे; तिच्यासोबत लागणारी कोठाराची आज्ञावलीही फुकट मिळते. जुना, दुसऱ्याने वापरलेला संगणक शिकण्यास पुरतो, कारण सर्व्हर त्याच यंत्रावर चालवता येतो. खिडकी आणि आतली कचेरी एकाच पेटीत! पावसाळ्यात तेरेखोलला पूर आला आणि इंटरनेट गेले तरी, वीज असेपर्यंत, अभ्यास अडत नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने पीएचपीसह अनेक विषयांचे छोटे छोटे पाठ तयार केले, त्यांतील कित्येक मराठी आवाजात आहेत. पाहावे, थांबवावे, तेच स्वतः करून पाहावे, अशी त्यांची पद्धत आहे. टंचाई आहे ती खऱ्या कामाची आणि चूक दाखवून देणाऱ्या शिक्षकाची.

पण नोकरी? पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. 2025 च्या दहावीच्या परीक्षेत कोकण विभागाचा निकाल 98.82 टक्के, राज्यात पहिला. दुसरीकडे सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2001 मध्ये 8,68,825 होती, ती 2011 मध्ये 8,49,651 झाली. शिकायचे आणि जिल्हा सोडायचा, हा आपला जुना हिशेब. आज तोही पूर्वीसारखा खात्रीचा राहिलेला नाही. जुलै 2025 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि साधी आज्ञावली तर आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्रच लिहून देते. ज्या मुलाने केवळ भाषेचे व्याकरण घोकले आहे त्याची किंमत यामुळे घसरणार, हे मान्य केले पाहिजे. यंत्राने लिहिलेल्यात शेवटच्या जागेची तजवीज आहे का, डिसोझांचा अर्ज मोडेल का, सामाईकातील मृताचा वारस कोठे नोंदवायचा, हे तपासणाऱ्याची किंमत मात्र त्याच प्रमाणात घसरेल असे मला वाटत नाही. तामिळनाडूतील तेनकाशीजवळच्या मथलंपारै या गावात झोहो कंपनीने आज्ञावलीचे काम नेले, आणि बारावीनंतरच्या मुलांना विद्यावेतन देऊन स्वतःच्या शाळेत शिकवले. तेथे एका धनवान कंपनीची इच्छा होती. सिंधुदुर्गात तशी कोणी येईल म्हणून वाट पाहणे व्यर्थ आहे. पण गावात बसून हे काम होऊ शकते, एवढे तरी त्या उदाहरणाने सिद्ध झाले.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. त्यांचा उपयोग करून विकतच्या ‘ग्रंथालय व्यवस्थापना’ऐवजी एखाद्या खऱ्या वाचनालयाची देवघेव, काजू-आंबा बागायतदारांच्या संस्थेची आवक-जावक किंवा ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीची वही विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल. पहिले वर्ष जुनी वही आणि नवी आज्ञावली शेजारी शेजारी चालवावी, म्हणजे चूक झाली तरी कोणाचे नुकसान होणार नाही, आणि चूक नक्की कोठे झाली तेही दिसेल. परीक्षकाने गुण द्यावेत ते वाचनालयाच्या लेखनिकास विचारून. सुबक छापलेल्या अहवालाला गुण देण्याची सवय मोडणे हे यातले सर्वांत कठीण काम ठरेल.

एक अडचण मात्र उरते. आज्ञावली लिहिणारा मुलगा पदवी घेऊन पुण्यास किंवा पणजीस जातो आणि पुढच्या वर्षी पाणीपट्टीचा दर बदलतो. ती दुरुस्ती कोण करणार? इमारतीच्या रंगरंगोटीची तरतूद संस्थेच्या अंदाजपत्रकात असते, आज्ञावलीच्या डागडुजीची नसते. बागायतदारांची संस्था, वाचनालय आणि दोन-तीन ग्रामपंचायती यांनी मिळून एका पदवीधरास अर्धवेळ मानधन द्यायचे ठरवले, तर प्रत्येकीच्या वाट्याला फारसा भार येणार नाही. आणि एक तरी मुलगा किंवा मुलगी बांद्यात राहून हे काम करील.