खग्रास पाहण्यास निघण्यापूर्वी

२२ जुलै २००९ रोजी सूर्योदयानंतर काही मिनिटांतच चंद्राची छाया सुरत, इंदूर, भोपाळ, काशी, पाटणा असा पल्ला गाठीत पूर्वेकडे निघून गेली. नांदगावच्या वाट्याला त्या दिवशी खंडग्रास ग्रहणच आले. सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरचे नंदुरबार मात्र खग्रासपट्ट्यात होते. हे अंतर किरकोळ वाटेल. परंतु सूर्याचा शतांश भाग जरी उघडा राहिला, तरी प्रभामंडल दृष्टीस पडत नाही. म्हणूनच खग्रास पाहायचे तर घर सोडावेच लागते.

प्रवासाला निघणाऱ्यांनी मुहूर्ताइतकाच ऋतूचाही विचार करावा. २००९ चे ग्रहण भर पावसाळ्यातले. सुरतेत आणि बिहारमधील तारेगणा येथे जमलेल्या हजारोंना ढगांनी निराश केले. काशीत आकाश उघडले, पण घाटांवरील चेंगराचेंगरीत एका महिलेला प्राण गमवावे लागले. याउलट २२ जानेवारी १८९८ चे खग्रास कोरड्या हिवाळ्यातले. प्लेगचे सावट असतानाही विजयदुर्गास लॉकियर आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेचे कॅम्पबेल व पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला यांनी तळ ठोकून वेध घेतले. ही मंडळी ऐनवेळी धावत आलेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

ग्रहणगणिताची परंपरा आपल्याला नवी नाही. साध्या अंकगणिताने ग्रहणे वर्तविणारा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ १५२० च्या सुमारास रचणारे गणेश दैवज्ञ नांदगावचेच. अर्थात ते नांदगाव कोकणातले, मुरूडजवळचे! पण पंचांगातील वेळ अचूक असली, तरी डोळ्यांचे रक्षण ज्याचे त्यानेच करायचे असते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही; भाजल्याचे उमगते ते नजर गेल्यावर. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, पाण्यातील प्रतिबिंब हे उपाय घातकच आहेत. प्रमाणित ग्रहणचष्मा प्रत्येकाजवळ हवा, मुलांजवळ तर हवाच. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावरच तो उतरवावा आणि पहिला किरण डोकावताच पुन्हा चढवावा. दुर्बिणीला गाळणी लावायची ती पुढच्या भिंगावर.

मुक्कामी आदल्या दिवशीच पोहोचावे. परतीच्या वाटेवर सारी गर्दी एकदमच उसळते. तेव्हा अंधारात मोटार हाकण्यापेक्षा एक रात्र तेथेच काढलेली बरी.

२ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रात सूर्यास्तापूर्वी अल्पसा खंडग्रास दिसेल. सहा मिनिटांहून अधिक काळाचे खग्रास पाहायचे तर इजिप्तमधील लक्झर गाठावे लागेल. तिथल्या कडक उन्हात पाणी आणि सावली यांची तजवीज आधी हवी. भारतभूमीवरील पुढचे खग्रास २० मार्च २०३४ रोजी, लडाखच्या परिसरात. त्या दिवसांत तिथले घाटरस्ते बर्फाने बंद असू शकतात आणि विरळ हवेची सवय होण्यास दोन-तीन दिवस लागतात. वडीलधाऱ्यांना सोबत नेणाऱ्यांनी तेवढी रजा आतापासूनच राखून ठेवावी.