झाकणाला मोटर लावावी का?

घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून 'झाकण' म्हणेन. डबा, टाकी, हौद, यांच्यावर आपण पैसे खर्च करतो, चार दुकानं फिरतो. झाकण मात्र जे येईल ते. हरवलं तर ताटली, तीही नसेल तर पत्रा आणि वर दगड. चालतंय की!

आता हे शनिवारी सकाळी सुचायचं कारण म्हणजे माझा आतेभाऊ. तो मिनियापोलिसला असतो. घरामागच्या डेकवर त्यानं हॉट टब बसवलाय. ज्यांनी फक्त सिनेमात पाहिलाय त्यांच्यासाठी: चार-सहा माणसं बसतील एवढा मोठा टब, त्यात सतत ३८-४० अंशाचं पाणी, आणि बाहेर बर्फ पडत असताना आत निवांत बसायचं. या टबावर फोमचं जाड झाकण असतं. भावाला आता ते काढून बटणावर उघडणारं-मिटणारं झाकण घ्यायचंय. किंमत काही हजार डॉलर. "तू इंजिनिअर आहेस ना, सांग घेऊ का?" मी कोड लिहितो, झाकणं बनवत नाही. पण नातेवाइकांना हा फरक कळत नाही. आमच्याकडे मिक्सर बंद पडला तरी फोन मलाच येतो. असो.

तर मंडळी, आधी जमेची बाजू.

उघड्या टबातली उष्णता मुख्यतः वाफेवाटे जाते. गणित सोपं आहे. ४० अंशाच्या पाण्यातलं एक लिटर वाफ होऊन उडालं की साधारण ०.६७ युनिट ऊर्जा घेऊन जातं. तेवढ्या ऊर्जेत २८ लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर नेता येतं. म्हणजे एक लिटर उडालं की दोन बादल्या तापवलेलं पाणी फुकट गेलं म्हणा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा पोहण्याच्या तलावांबद्दलचा हिशोब असा, की झाकण वापरलं तर तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी कमी होतो.

पण थांबा. ही बचत झाकणाची आहे, मोटरची नाही! जाहिरातीत दोन्ही एकत्र करून सांगतात, तिथंच गोची आहे. हातानं लावलेलं झाकणही तेवढीच वाफ अडवतं. मग मोटर नक्की काय देते? ती देते सवय. फोममध्ये दोनतीन वर्षांत पाणी मुरतं, झाकण जड होतं, मग "दहा मिनिटांनी परत बसायचंच आहे" म्हणून ते उघडं राहतं. आमच्या हापिसात जी कामं हातानं करायची असतात ती शुक्रवारी संध्याकाळी हमखास राहतात. झाकणाचंही तेच. जड वस्तू उचलायला माणूस कंटाळतो, बटण दाबायला नाही. कंबर धरलेली माणसं घरात असतील तर हा मुद्दा आणखी वजनदार.

आता दुसरी बाजू. मोटर आली की वीज आली, सेन्सर आला, बर्फाचं ओझं आलं, दुरुस्तीवाला आला. फोमचं झाकण बिघडत नाही, फार तर फाटतं. मोटरवालं अर्ध्यात अडकलं आणि लाईट गेली, तर हातानं मिटवता येतं का? हा प्रश्न माहितीपत्रकात शेवटच्या पानावर असतो. तो पहिला विचारायचा.

आणि सगळ्यात मोठा आक्षेप आहे तो वेगळाच. झाकणाची कामं दोन. एक, आतलं आत ठेवणं, म्हणजे पाणी आणि उष्णता. दोन, बाहेरचं बाहेर ठेवणं, म्हणजे कचरा, डास आणि लहान मुलं. पहिल्या कामासाठी झाकण मिटायला सोपं हवं. दुसऱ्यासाठी ते उघडायला अवघड हवं. मोटर दोन्ही सोपं करून टाकते! चार वर्षांच्या पोराला बटण दिसलं की ते दाबणार म्हणजे दाबणारच. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. आणि बुडणं सिनेमातल्यासारखं आरडाओरडा करून होत नाही, गपचूप होतं.

फ्रान्सनं ३ जानेवारी २००३ ला यावर कायदाच केला. खासगी घरांच्या जमिनीतल्या पोहण्याच्या तलावांना कुंपण, अलार्म, सुरक्षा झाकण किंवा वरचं छत, यांतलं किमान एक काहीतरी सक्तीचं. अमेरिकेत सुरक्षा झाकणांसाठी १९९१ पासून वेगळं मानक आहे. मोठ्या तलावावरच्या झाकणानं दोन मोठी माणसं आणि एक मूल, म्हणजे सुमारे २२० किलो वजन पेलायला हवं असं ते सांगतं. कारण नुसतं पाण्यावर तरंगणारं पातळ आवरण हे झाकण नसण्यापेक्षा वाईट. मूल त्यावर पाय ठेवतं, आत जातं, आणि वरून काही दिसतसुद्धा नाही.

हे वाचताना मला आमचं पूर्णा आठवलं. परभणी जिल्ह्यातलं माझं गाव. रेल्वेचं जंक्शन, गावाच्या नावाचीच नदी, आणि तरीही नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे साठवण ही आमच्याकडे सवय नाही, स्वभाव आहे. अंगणात सिमेंटचा हौद, त्यावर पत्रा, पत्र्यावर दगड. आई अजून फोनवर वडिलांना ओरडताना ऐकू येते, "अहो, हौदाला झाकण लावलात का?"

आमच्या हौदातून उष्णता जात नाही, पाणीच जातं. मे महिन्यात पारा ४२-४३ ला असताना दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडतं असं धरू. हौदाचं तोंड २ मीटर बाय दीड मीटर असेल तर रोज ३० लिटर. म्हणजे दोन कळश्या उन्हानं प्यायल्या. दहा दिवसांनी पाणी आलं तर ३०० लिटर गेलं. डासांचं गणित याहून कडक. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. म्हणून तर आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतं. एका बाजूनं चार बोटं उचललेला पत्रा डासासाठी दरवाजाच आहे. आणि दगड ठेवलेला सैल पत्रा लहान मुलासाठी तेच तरंगणारं आवरण. पाय पडला की उलटतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे शेततळं. २०१६ मध्ये राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्यात सगळ्यात मोठा आकार होता ३० बाय ३० बाय ३ मीटर. वरच्याच हिशोबानं अशा भरलेल्या तळ्यातून मे महिन्यात रोज ९,००० लिटर उडतं, जवळपास एक टँकर! पण ९०० चौरस मीटरला मोटरचं झाकण लावायचं कुणी? तिथं खरा प्रश्न पाण्याचा नाहीच. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, ते ओलं झालं की बर्फासारखं गुळगुळीत. आत पडलेला माणूस पोहता येत असूनही चढून वर येऊ शकत नाही. तिथं हवंय कुंपण, आणि चारी बाजूंनी आत सोडलेला गाठी मारलेला दोर. दोराला लाईट लागत नाही.

उघड्या बोअरवेलचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट सांगितलंय, की केसिंगच्या तोंडाला स्टीलची प्लेट वेल्ड करा किंवा नट-बोल्टनं मजबूत झाकण बसवा. किती साधी गोष्ट! तरी मुलं पडल्याच्या बातम्या येतच राहतात. तंत्रज्ञान कमी पडलेलं नाही, झाकण लावणारा हात कमी पडलाय.

मग माझं मत काय? भावाला मी सांगितलं: घे, पण तीन अटींवर. बटणाला किल्ली हवी आणि ती मुलांच्या हाताला लागता कामा नये. बटण अशा ठिकाणी हवं जिथून अख्खा टब दिसतो, आणि दाबून धरलं तरच झाकण हलायला हवं, सोडलं की जागच्या जागी थांबायला हवं. मोबाईल ॲपवरून किचनमध्ये बसून मिटवणं वगैरे अजिबात नको. आत कुणी आहे का हे ॲप बघत नाही. आणि लाईट गेली तर एका माणसाला हातानं मिटवता आलं पाहिजे. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर फोमचंच नवं झाकण, ते उचलायचा साधा दांडा आणि एक कुलूप घे. निम्म्याहून कमी पैशात नव्वद टक्के काम होतं.

आणि तुमच्या-आमच्यासाठी? पुण्यात बसून गावाकडच्या घराला आपण सीसीटीव्ही लावतो, मोटर चालू-बंद करायचं मोबाईल स्टार्टर लावतो. चांगलंच आहे. पण या दिवाळीला गावी गेलात तर एक दिवस वेल्डिंगवाल्याकडे जा. हौदाच्या मापाचं, बिजागरीचं, म्हातारीला एका हातानं मिटवता येईल एवढं हलकं, आणि वर कडी-कुलूप असलेलं झाकण करून घ्या. काठाला रबर लावा म्हणजे डास जायचा नाही. मोटर नको, ॲप नको.

तो दगड मात्र काढून टाका.