मोडीत जाणारी चांदी

‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्या तोंडी सदैव असते. जुन्या चांदीच्या नशिबी मात्र मूसच आहे. २०२५ साली चांदीच्या भावाने किलोमागे लाखाचा आकडा मागे टाकला आणि माळ्यावरच्या पेटाऱ्यांतून, देवघराखालच्या फडताळांतून आजी-पणजीचे तोडे, वाळे, सरी, वाक्या, कमरपट्टे बाहेर निघून सराफाच्या काट्यावर गेले. वजन झाले, घट धरली गेली, पैसे हातात पडले. यात कोणाचा अपराध आहे असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार निराळी आहे. मुशीत जाण्यापूर्वी हे दागिने कोणी वाचले नाहीत, ही ती तक्रार.

‘वाचले’ हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. इतिहासाचे विद्यार्थी मोडी शिकतात, दप्तरातील कागद वाचतात आणि त्याबद्दल त्यांचे कौतुकही होते. चांदीवरची मोडी शिकावी असे मात्र कोणाला वाटत नाही. कारण ती बायकांच्या अंगावर होती, म्हणून तर नव्हे?

जुन्या चांदीवर काय पाहावे, असे विचारले की जाणकार म्हणवणारे लोक लगेच ‘हॉलमार्क’ म्हणतात. हा शब्द लंडनच्या सोनारसंघाच्या ‘हॉल’वरून आला. इंग्लंडमधील चांदीवर चालता सिंह, शहराची खूण (लंडनचा चित्त्याचा मुखवटा, बर्मिंगहॅमचा नांगर), वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे असतात. ती जुळवली की दागिना कोणत्या साली तपासला गेला ते सांगता येते. व्यवस्था नामी आहे, पण ती तिकडची. आपल्याकडे चांदीवर अशी सरकारी छाप देण्याचे काम भारतीय मानक ब्यूरोने २००५ साली सुरू केले, तेही ऐच्छिक. तेव्हा पणजीच्या तोड्यावर सिंह शोधणे व्यर्थ, आणि सिंह नाही म्हणून चांदी हलकी असे ठरवणे तर त्याहून चुकीचे. उलट, ‘शंभर वर्षांचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गावठी घडणीच्या हारावर ‘९२५’ हा आकडा ठसठशीत उमटलेला दिसला, तर सावध व्हावे. तो आकडा बहुधा अलीकडच्या बाजारासाठी उठवलेला असतो. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत तर चांदीचा कणही नसतो. तांबे, जस्त आणि निकेल एवढाच त्याचा ऐवज.

मग आपल्या खुणा कोणत्या? पहिली आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे रुपया. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. ‘रुपयाभार’ हा शब्द आपल्या भाषेत आला तो यातूनच. १९४० साली ही चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. गावाकडचा सोनार पुष्कळदा रुपयेच आटवून दागिना घडवी. कधी अख्खे रुपये कड्या लावून माळेत ओवी. अशा माळेतील नाणी एक एक करून तपासावीत. राणीच्या नाण्यावर नुसते ‘क्वीन’ असेल तर ते १८७६ पर्यंतचे, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ नंतरचे. एखादा १९११ चा रुपया सापडला तर बघायला विसरू नका. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, ती नाणी पुष्कळशी परत घेऊन आटवली गेली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड सुधारून काढण्यात आली! मात्र नाण्यावरून दागिन्याचे वय सांगताना एक ध्यानात ठेवावे. माळेतील सर्वांत नव्या नाण्याहून माळ जुनी असू शकत नाही. ती नाण्याहून पुष्कळ नवी मात्र असू शकते. नाणे आणि कडी सारखीच झिजलेली असतील तर दोघांचा संसार जुना समजावा.

दुसरी खूण ठशाची. तोड्याच्या मळसूत्राजवळ, सरीच्या फाशाशी, पट्ट्याच्या आतल्या अंगाला कधी एक-दोन अक्षरांचा ठसा असतो. तो सोनाराचा, पेढीचा किंवा मालकिणीचा. भुजच्या उमरशी मावजी या कारागिराची ‘ओ. एम.’ ही रोमन अक्षरे आज जगातील संग्राहक ओळखतात. आपल्या तालुक्याच्या सोनाराची अक्षरे ओळखणारा माणूस त्याच्या गल्लीतही उरलेला नाही. आणि आपण काय करतो? सणाच्या आधी रांगोळीने घासघासून तीच अक्षरे पुसून टाकतो.

आता खड्यांविषयी, इथे तर सरसकट कत्तल चालते. एका पेढीवर मी डोळ्यांनी पाहिले आहे. जुन्या ताईतातील लाल खडे सराफाने चिमट्याने उचकटून काढले, “खोटे आहेत” म्हणून सुपलीत टाकले आणि ताईत काट्यावर ठेवला. खडे काचेचे असतीलही. पण ‘खोटे’ म्हणजे काय? ब्रिटिश राजमुकुटात दिमाखाने बसलेला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ हा मुळी माणिकच नव्हे, तो स्पिनेल. फारसी रत्नपारखी त्याला ‘लाल’ म्हणून माणकाहून वेगळा ओळखत. म्हणून तो कोणी मुकुटातून उपटून सुपलीत टाकला नाही. आणि काच म्हटली तरी तिलाही गाव असते. एकोणिसाव्या शतकात बोहेमियातील गाब्लोन्झ येथून काचेचे मणी आणि बांगड्या जहाजे भरभरून हिंदुस्थानात येत होत्या. आपल्या गावच्या बाजारातील लाल काच अशाच एखाद्या वाटेने आली का, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडायला हरकत नाही. सुपलीत गेलेल्या खड्याला तो विचारता येत नाही, एवढेच.

ओळखायचे कसे, तेही सांगतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. आत गोल बुडबुडे दिसले आणि पैलूंच्या कडा बोथट वाटल्या, तर बहुधा काच. ओठाला लावला असता खडा थंड लागतो आणि काच लवकर ऊब धरते. पण हा नुसता अंदाज, पुरावा नव्हे. गडद तपकिरी लाल खडा तामडा, म्हणजे गार्नेट, असू शकतो. खंबायतेस घडवलेला अकीक उजेडाला धरला की मधासारखा झिरपतो. पोवळ्यावर भिंगातून बारीक समांतर रेघा दिसतात, त्या प्लॅस्टिकवर दिसत नाहीत. पोवळ्याला आणि मोत्याला चिंच-लिंबू कदापि लावू नये. आंबटाने ती खातात. बंद कोंदणातील खड्याखाली वर्ख असतो, त्यात पाणी गेले की खडा कायमचा काळवंडतो. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, म्हणून नुसत्या वजनावरून चांदी किती हे कळत नाही. तेजाबाची परीक्षा घरी करू नये. तिने चांदी कळेल, पण डाग राहील.

यावर कोणी म्हणेल, चांदी आटतच आली आहे; पणजीनेही तिच्या सासूच्या वाळ्यांचे तोडे केले होते. अगदी खरे. चांदीचा दागिना ही बाईची पेढी होती, दुष्काळात, आजारपणात, मुलाच्या शिक्षणासाठी मोडण्यासाठीच ती होती. कोणी फी भरण्यासाठी आजीचे तोडे विकले असतील, तर त्या तोड्यांनी आपले काम चोख केले. त्यांना संग्रहालयात ठेवा असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण मोडण्यापूर्वी अर्धा तास तरी त्यांच्यासाठी काढता येईल. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासीं’नी, लोकांनी टाकून दिलेले दिवे, अडकित्ते आणि भांडी जमवून पुण्यात संग्रहालय उभे केले. आपल्याला वस्तू जमवायची नाही, नोंद तेवढी करायची आहे.

ग्रंथालयात एक नोंदवही ठेवावी. दागिन्याचे घरातले नाव (ते कोशातल्या नावाहून वेगळे असते, तेच लिहावे), वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, ठशाची अक्षरे, नाण्यांची साले, खड्यांचा रंग आणि संख्या, दुरुस्तीचे सांधे, आणि तो कोणी, कधी, कोणाला घातला याविषयी घरातील थोरल्या बाईचे चार शब्द. मालकाचे नाव आणि पत्ता मात्र वहीत नको. चोरांनाही वाचता येते. इतिहास विभागाने पुढाकार घ्यावा. भिंगाचा प्रश्न नाही. भूगोल विभागाच्या कपाटात, खडकांच्या नमुन्यांशेजारी दोन पडून आहेत.